कर्ण पंचाहत्तर

मुलांच्या फुटबॉल क्लबात स्वयंसेवक व्हायला फुटबॉल यावा लागत नाही, पायथागोरस यावा लागतो. शिवाय गाठी मारता याव्या लागतात, मीठ-साखर मोजता यावी लागते, जन्मदाखला वाचता यावा लागतो आणि बारापर्यंत न चुकता मोजता यावं लागतं. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड. पण ते नंतर.

आमच्या क्लबात मी साहित्य प्रमुख आहे. नातेवाइकांना वाटतं, मी कविता वगैरे करतो. हे पद निवडणुकीने मिळत नाही. पालकसभेत कोच सर म्हणतात, "कोणीतरी पुढे या," आणि सगळी सभा एकदम मोबाइलमध्ये डोकं घालते. ज्याच्या मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हा संपलेली असते, तो साहित्य प्रमुख. आमचं साहित्य असं: चेंडू १२, खुणेचे शंकू म्हणजे कोन ४०, दोन रंगांचे बिब (संघ ओळखायला जर्सीवर घालायच्या बंड्या), दोन जाळ्या, चार झेंडे, एक पंप, पंपाच्या सुया (सकाळी पाच, संध्याकाळी दोन), ५० मीटरचा टेप, खुंट्या, सुतळी आणि फक्की (रेघा आखायची पांढरी पावडर). यात फक्की हाच खरा ग्रंथ. बाकी सगळी परिशिष्टं.

रविवारी सामना साडेसातचा असला तर आखणी साडेपाचला सुरू होते. एक तर तेव्हा गवतावर दव असतं, फक्की ओलाव्याला धरून बसते. दुसरं, मुंबईत ऊन चढलं की समुद्रावरून वारा सुटतो आणि मग तुम्ही टचलाइन (मैदानाच्या लांब बाजूची रेघ) मारता ती शेजाऱ्याच्या चहात पडते. तिसरं आणि मुख्य कारण म्हणजे क्रिकेटवाले सहाला येतात.

बारा वर्षांखालच्या मुलांचा नऊ-नऊ जणांचा सामना आम्ही ६० बाय ४५ मीटरच्या मैदानावर खेळवतो. हा आकडा शास्त्रापेक्षा आळसातून आला आहे. ३-४-५ चा त्रिकोण पंधरापट केला की ४५-६०-७५ होतो. म्हणजे चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांमधलं तिरकं अंतर दोन्हीकडून ७५ भरलं, की चारही कोन काटकोन. कंपास नको, इंजिनिअर नको. बाजू बरोबर आहेत पण एक कर्ण साडेशहात्तर आणि दुसरा साडेत्र्याहत्तर आला, तर समजायचं की आपण मैदान न आखता काजूकतली कापली आहे.

आता हे मोजायचं कशाने? नायलॉनच्या दोरीने मोजू नये. ती ताणली जाते. एका बाजूला तगडा माणूस आणि दुसऱ्या बाजूला किडकिडीत माणूस असला की त्याच दोरीची दोन मापं निघतात. सुतळी ताणत नाही, पण दवात भिजली की आखडते. गाठी कोरड्या सुतळीवर मारलेल्या असल्या तर मैदान दर रविवारी थोडं थोडं लहान होत जातं. म्हणून मापाला फायबरचा टेप आणि रेघेला सुतळी. टेप ५० चा, कर्ण ७५ चा. मधे एक माणूस ५० वर अंगठा दाबून उभा करावा लागतो. हा माणूस जांभई देणारा नको. जांभई देताना माणूस दोन्ही हात वर करतो.

फक्की आणायला पाठवलेला नवा स्वयंसेवक हमखास चुना घेऊन येतो. दिसायला दोन्ही पांढरे, आणि चुना स्वस्त. पण चुना घामाला लागला की कातडी भाजतो आणि डोळ्यात गेला तर थेट डॉक्टरच. मुलं त्या रेघेवर तोंडावर आपटणार असतात, हे ध्यानात ठेवून खडूच्या जातीची, न भाजणारी पावडरच आणायची. नियमाप्रमाणे रेघ १२ सेंटिमीटरपेक्षा रुंद नको. आम्ही पत्र्याच्या डब्याच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडतो आणि वाऱ्याकडे पाठ करून, डबा हलवत, उलटे चालतो. चारही बाजूंचे २१०, मधली रेघ ४५, दोन्हीकडच्या पेनल्टी चौकटी आणि मधलं वर्तुळ धरून साडेतीनशे मीटरच्या वर उलटं चालणं होतं. जॉगर्स पार्कमध्ये याला थेरपी म्हणत असतील.

वर्तुळाची एक खोड आहे. मधे खुंटी, तिला ६ मीटर सुतळी, दुसऱ्या टोकाला डबेवाला (आमचा, फक्कीचा). सुतळी खुंटीला घट्ट बांधली तर फेरी मारताना ती खुंटीभोवती गुंडाळत जाते, त्रिज्या कमी होत जाते आणि रेघेचा शेवट सुरुवातीच्या चार बोटं आत पोचतो. वर्तुळाऐवजी जिलबी. खुंटीला सैल फास हवा, जो सुतळीबरोबर फिरेल. काजूकतली आणि जिलबी एकाच सकाळी झाली की कोच सर काही बोलत नाहीत, नुसते बघतात.

एवढं सगळं होईपर्यंत क्रिकेटवाले आलेले असतात. मुंबईत फुटबॉल तसा कालचा नाही. रोव्हर्स कप याच शहरात १८९१ साली सुरू झाला. पण आझाद मैदानावर क्रिकेटच्या २२ खेळपट्ट्या आहेत, आणि १९८८ साली शाळकरी सचिन-विनोदने ६६४ धावांची नाबाद भागीदारी केली तीही तिथलीच. ज्या गावात ६६४ होतात, तिथे १-० कोण विचारतो? बरं, पावसाळा तरी फुटबॉलचा असावा, तर खास पावसात खेळायची म्हणून १९४८ पासून कांगा लीग आहेच. त्यामुळे बाराही महिने त्यांचा लाँग ऑन आमच्या पेनल्टी चौकटीत उभा. आमचा गोलकीपर आणि तो, दोघांकडेही तासभर चेंडू फिरकत नाही, त्यामुळे त्यांची चांगली मैत्री होते. गडबड एकच. तिकडून "बॉल! बॉल!" अशी आरोळी आली की आमची अठराच्या अठरा पोरं फुटबॉलकडे बघतात, आणि पाठीमागून येतो तो सीझन बॉल. "बॉल ऐकलं की डोकं हातांनी झाकून खाली बसायचं" हे आम्ही ड्रिबलिंगच्या आधी शिकवतो.

गोलपोस्टबद्दल मात्र चेष्टा नाही. हलवता येणारे लोखंडी पोस्ट पुढे कलंडतात, आणि आडव्या दांड्याला लोंबकळावं असं दहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला वाटतंच. मागच्या पाइपवर दोन्ही बाजूंना वाळूची पोती ठेवल्याशिवाय मुलांना जवळ सोडायचं नाही. पोती नसली तर सामना नाही, मग समोरचा संघ विरारहून आलेला असो. या एका बाबतीत मी साहित्य प्रमुख नसून फौजदार आहे.

चेंडूत हवा भरणं हे काम सगळ्यांना सोपं वाटतं, म्हणून सुया मोडतात. कोरडी सुई तिरकी खुपसली की एक तर ती मोडते, नाहीतर आतला व्हॉल्व्ह फाटतो, आणि मग तो चेंडू दर दहा मिनिटांनी सुस्कारे टाकतो. सुईला पाणी नाहीतर ग्लिसरीनचा थेंब लावायचा, सरळ घालायची, सरळ काढायची. खोबरेल लावू नये, तेलाने रबर खराब होतं. मोठ्यांचा ५ नंबरचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो आणि नियमात दाब ०.६ ते १.१ अॅटमॉस्फिअर दिलाय. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना ४ नंबरचा चेंडू, दाब खालच्या अंगाचा. आठाखालच्यांना ३ नंबर. हे पालकांना पटत नाही. "आमचा पाच नंबरनेच खेळतो घरी," असं अभिमानाने सांगतात. घरी खेळतो म्हणजे कुठे, तर दोन सोफ्यांच्या मधे.

बारा चेंडूंची पिशवी लोकलमधून नेणं हा वेगळाच खेळ. हवा काढून नेले तर पिशवी निम्मी होते, पण मैदानावर बाराही पंपून खांदा उतरतो. भरलेले नेले तर डब्यात "काय भाऊ, दुकान काढलं का?" याचं उत्तर दादरपासून बोरिवलीपर्यंत द्यावं लागतं. त्यात रविवार म्हणजे मेगाब्लॉक. आम्ही सामने सकाळी सकाळी का ठेवतो, असं पालक विचारतात तेव्हा मी आरोग्याचं कारण सांगतो. खरं कारण रेल्वेचं वेळापत्रक.

पालकांना आम्ही टचलाइनपासून ३ मीटर मागे, दोरीच्या पलीकडे उभे करतो. पालकांना नावं नसतात, मुलांच्या जर्सीचे नंबर असतात. सातची आई, नऊचे बाबा, चारचे आजोबा. नऊचे बाबा कोच सरांच्या वर ओरडतात, "मार!" चारचे आजोबा म्हणतात, "काढ!" मुलगा गोंधळून दोन्ही करतो. सातची आई शांत असते, पण शिट्टी वाजली की तीच विचारते, "काका, आता का थांबवलं?" आणि मग ऑफसाइड समजावून सांगायची पाळी येते.

नियम असा. सोबत्याने चेंडू मारला त्या क्षणी खेळाडू समोरच्यांच्या अर्ध्यात असेल आणि चेंडूपेक्षा व त्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूपेक्षाही गोलरेषेच्या जवळ असेल, तर तो ऑफसाइडच्या जागी. तिथून खेळात ढवळाढवळ केली की गुन्हा. हे मोजताना खेळाडूंचे हात हिशेबात घ्यायचे नाहीत. थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नरवर ऑफसाइड नाही. हे ऐकून कोणाच्याही चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. घोळ होतो तो 'त्या क्षणी' या दोन शब्दांत. चेंडू मिळाला तेव्हा पोरगा कुठे होता, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं, मारला तेव्हा कुठे होता हे कोणीच नाही. म्हणून मी लोकल वापरतो. "ताई, गाडी सुटली तेव्हा तुम्ही कुठे होतात ते महत्त्वाचं, दादरला कुठे दिसलात ते नाही." हे लगेच कळतं. पुढच्याच मिनिटाला ताई रेफ्रीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "गाडी सुटली नव्हती!"

मध्यंतराचं सरबत ही महिला मंडळाची आणि माझी कायमची तेढ. प्रमाण ठरलेलं आहे: एका लिटरला साखर ६ सपाट चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा. दहा लिटरला साठ आणि पाच. लिंबू हवं तितकं. पण स्वयंपाकघरात पंधरा-वीस वर्षं काढलेल्या बाईला 'सपाट चमचा' म्हणणं हा अपमान असतो. "अहो, अंदाज आहे आम्हाला." अंदाज आमटीला चालतो. मीठ जास्त झालं की मुलं पीत नाहीत, गपचूप गवतावर ओततात, आणि उत्तरार्धात उन्हात एकेक पोरगं पोटरी धरून बसतं.

मुरगळलेल्या घोट्याला बर्फ लागतो. कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, थेट कातडीवर नाही. बर्फाची पेटी आणायला सगळे विसरतात, मग जवळचा रसवाला गाठायचा. रसवाला बंद असला तर कोळीण. तिचा बर्फ मनापासून थंड असतो, मात्र मोज्याला महिनाभर बोंबलाचा वास येतो.

जर्सींबद्दल थोडक्यात: सोळा आहेत, उलट्या करून धुवायच्या, नंबरावर इस्त्री फिरवायची नाही, आणि दहा नंबर कोणाला द्यायचा हा प्रश्न माझ्याकडे आणायचा नाही.

जन्मदाखल्यांचं असं थोडक्यात होत नाही. स्पर्धेला नाव द्यायचं तर आदल्या आठवड्यात सगळ्यांचे दाखले गोळा होतात. जन्माची नोंद करताना बाळाचं नाव ठरलेलं नसेल तर दाखल्यावरचा नावाचा रकाना कोरा राहतो, आणि पुढे अर्ज करून ते चढवून घ्यायचं असतं. हे अनेक घरांत अकरा वर्षांनी, शुक्रवारी रात्री, माझ्यामुळे कळतं. दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, शाळेत तिसरं. त्यात वयाची हद्द बहुतेक ठिकाणी १ जानेवारीची. ३१ डिसेंबरला जन्मलेल्या मुलाला जवळजवळ वर्षाने मोठ्या पोरांत खेळावं लागतं. त्याचे बाबा दाखला पुढे करून म्हणतात, "एका दिवसाचं काय घेऊन बसलात?" आणि आईचा चेहरा असा होतो, की बारा वर्षांपूर्वी थोडी कळ काढली असती तर बरं झालं असतं.

सामना संपतो. जाळ्या सोडताना कळतं की बांधणाऱ्याने गाठ मारली होती, सुरगाठ नव्हे, त्यामुळे कात्री. कोन एकात एक घालायचे, लाल लालात, पिवळे पिवळ्यात. ३८ भरतात, उरलेले दोन क्रिकेटवाल्यांनी सीमारेषेला लावलेले असतात. बिब घामाचे, ते वेगळ्या पिशवीत, तोंड बांधून. वाळूची पोती भिंतीला. झेंडे चार.

मग चेंडू. सकाळी बारा आणले होते. एकेक पिशवीत टाकत मोठ्याने मोजायचे, मधे कोणाशी बोलायचं नाही. अकरा भरतात. बारावा शोधायचा तो ठरलेल्या ठिकाणी: उभ्या टॅक्सीखाली, कट्ट्याच्या मागच्या गटाराच्या तोंडाशी, नऊच्या बाबांच्या खुर्चीखाली. अठरा पोरं, दोन संघांचे पालक आणि एक लाँग ऑन एवढी माणसं कामाला लागतात. चहूकडून "काका, मिळाला!" असा ओरडा होतो. चेंडूंवर मार्करने क्लबचं नाव घातलेलं असतं, ते पहिल्याच पावसात गेलेलं असतं. समोरच्या संघाचे साहित्य प्रमुख आपली पिशवी खांद्याला लावून स्टेशनकडे निघालेले असतात, ब्लॉक सुरू व्हायला वीस मिनिटं आहेत.

पिशवी ओतून मी पुन्हा मोजतो. तेरा.