थंडीत सोलर ‘झोपतं’ म्हणे!

दिवाळी सरली की द्राक्षवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो : ‘थंडीत सोलर पॅनेल वीज करत नाही, बॅटरी गारठते, पहाटेचं तापमान खोटं येतं. बागेतलं हवामान यंत्र फेब्रुवारीपर्यंत काढून ठेवा.’ तासगावजवळच्या बागेत असलं यंत्र, म्हणजे सोलर आणि बॅटरीवर चालणारं, तापमान-दव मोजून मोबाइलवर पाठवणारं, मी दोन हिवाळे सांभाळलंय, म्हणून लिहितोय.

पॅनेलला लागतो उजेड, ऊब नव्हे. उलट सिलिकॉनचं पॅनेल तापेल तशी दर अंशाला साधारण 0.4 टक्के वीज घटते. डिसेंबरात दिवस 11 तासांचा आणि जूनमध्ये 13 तासांचा, एवढं खरं. पण आपल्याकडचं हिवाळ्याचं स्वच्छ ऊन कुठं आणि आषाढातलं आभाळ कुठं! यंत्राचा कस बघायचाच तर जुलैत बघा.

मग डिसेंबरात यंत्रं बंद का पडतात? आमचंही पडलं होतं. बॅटरी रोज थोडी थोडी उतरत गेली आणि मीही थंडीच्या नावानं बोटं मोडली. शेवटी एक दिवस दुपारभर बांधावरच बसून राहिलो, तेव्हा चोर सापडला : दक्षिणेच्या बांधावरची निलगिरी. डिसेंबरअखेर सांगलीत सूर्य भर दुपारीही 50 अंशांच्या आसपासच चढतो. त्यामुळे मे महिन्यात बुंध्याशी गोळा होणारी सावली आता थेट पॅनेलवर आली होती. पॅनेलमधले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात. एका कोपऱ्यावर सावली पडली तरी सगळ्याची वीज आटते. त्यात आमचं पॅनेल आडवं ठेवलेलं, वर बोर्डोच्या (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाच्या) फवारणीचा निळसर थर. खांब हलवला, पॅनेल दक्षिणेला तिरपं केलं, ओल्या फडक्यानं पुसलं. थंडी तीच राहिली, यंत्र चालू झालं.

बॅटरीच्या गारठ्यात थोडं तथ्य आहे. लिथियमची बॅटरी शून्याखाली चार्ज करू नये. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं, तिथं हे सांभाळावंच लागेल, तासगावात नाही. मात्र बॅटरी जुनी असेल तर गारव्यात तिचा जोर कमी पडतो. मोबाइल नेटवर्कवरून नोंदी पाठवणारा यंत्रातला भाग, म्हणजे सिमचं मॉड्यूल, डेटा पाठवताना क्षणभर 2 अँपिअरपर्यंत ओढतं, व्होल्टेज बसतं आणि यंत्र रिसेट होतं. म्हणून पहाटेच्या नोंदी गायब! आम्ही रात्रभर नोंदी यंत्रातल्या मेमरी कार्डावर घेतो, पाठवतो ऊन वर आल्यावर.

‘खोटं’ तापमान म्हणजे बहुधा मोबाइलवरच्या आकड्याशी न जुळणारं. वारा पडलेल्या निरभ्र रात्री गार हवा खोलगट रानात उतरून साचते. तिथला आकडा वस्तीपेक्षा कमी येणारच. फक्त सेन्सरवर पांढऱ्या थाळ्यांचं छत्र आहे ना, ते बघा. उघडा सेन्सर रात्री हवेपेक्षा गार पडतो, दिवसा तापतो.

आणि काढायचं कधी? फळछाटणीनंतर (घड यावेत म्हणून करतात त्या छाटणीनंतर) बागेत घड असताना? दव पानावर किती तास टिकलं, यावर डाऊनीचा, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीसारख्या रोगाचा, अंदाज बांधायचा असतो. माल उतरला की खरड छाटणीच्या (हंगाम संपल्यावरच्या छाटणीच्या) आधी बाग विश्रांतीला असते, तेव्हा आठवडाभर काढा. आम्ही तेव्हाच बॅटरी तपासतो आणि डब्यात शिरलेल्या मुंग्या झाडतो.