कॅटेगरीचं चौथं पान 404 देतं, त्यात परमालिंकचा दोष नाही

वर्डप्रेस (वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांच्या ग्रुपांत एक सल्ला सारखा फिरतो. कॅटेगरीच्या पानावर हव्या तशा पोस्ट येत नसतील, तर टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाची मांडणी करणाऱ्या फाइलमध्ये, ‘क्वेरी_पोस्ट्स’ हे पोस्ट नव्याने मागवणारं फंक्शन टाका. पुढची पानं 404 (‘पान सापडलं नाही’) देऊ लागली, तर परमालिंक, म्हणजे यूआरएलच्या रचनेची सेटिंग, पुन्हा सेव्ह करा. शेवटी ‘डब्ल्यूपी_रीसेट_क्वेरी’ लावा, झालं. नवशिक्यांचे तासन् तास यात वाया जातात, म्हणून हे लिहितोय.

टेम्प्लेटची पाळी येईपर्यंत उशीर झालेला असतो. वर्डप्रेस आधी यूआरएल वाचतं, मुख्य क्वेरी (त्या पानाच्या पोस्ट डेटाबेसमधून आणणारी मागणी) चालवतं, 404 द्यायचं की नाही ते ठरवतं आणि मगच टेम्प्लेट उघडतं. समजा, ‘पाककृती’ कॅटेगरीत 25 पोस्ट आहेत आणि सेटिंगमध्ये पानाला 10. मुख्य क्वेरीच्या हिशेबाने पानं झाली 3. टेम्प्लेटमध्ये तुम्ही पानाला 5 केलंत, की खाली 5 पानांच्या लिंक दिसतात. तिसऱ्यापर्यंत सगळं सुरळीत, चौथ्यावर 404.

परमालिंक सेव्ह केल्याने रिराइटचे नियम, म्हणजे कोणती यूआरएल कुठे न्यायची ते, नव्याने बनतात. पण इथे तो नियमच नसता, तर दुसरं पानही उघडलं नसतं. परमालिंक सेव्ह करायचं ते नवी टॅक्सॉनॉमी (कॅटेगरीसारखी वर्गवारी) नोंदवल्यावर किंवा तिचा स्लग (यूआरएलमधलं नाव) बदलल्यावर.

रीसेटने पुढच्या कोडला मूळ क्वेरी परत मिळते, इतकंच. आधी दिलेलं 404 त्याने फिरत नाही. ‘क्वेरी_पोस्ट्स’ थीम-प्लगिनसाठी नाही, हे वर्डप्रेसच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय.

बदल करायचा तो ‘प्री_गेट_पोस्ट्स’ हुकवर, म्हणजे क्वेरी चालण्याआधी आपला कोड जोडायच्या जागी, चाइल्ड थीमच्या (मूळ थीमवर बेतलेल्या आपल्या थीमच्या) फंक्शन्स फाइलमध्ये. त्यावर आक्षेप येतो, “तिथे टाकलं तर मेनूच गायब झाला!” होतो खरा, पण हुकमुळे नाही, अट अर्धी लिहिल्यामुळे. मेनूतली प्रत्येक ओळ डेटाबेसमध्ये पोस्टच असते, प्रकार ‘नॅव्ह_मेनू_आयटम’. नुसतं ‘इज_कॅटेगरी’ (हे कॅटेगरीचं पान आहे का) तपासून पोस्ट टाइप, म्हणजे पोस्टचा प्रकार, ‘रेसिपी’ केलात, तर त्या पानावरच्या मेनूच्या क्वेरीलाही तोच टाइप लागतो आणि तिच्या हाती काही येत नाही. म्हणून ‘इज_ॲडमिन’ नसल्याची खात्री करा, आणि हुकने हाती दिलेल्या क्वेरीवरच ‘इज_मेन_क्वेरी’ व ‘इज_कॅटेगरी’ तपासा.

कस्टम पोस्ट टाइपला (‘रेसिपी’सारख्या स्वतः नोंदवलेल्या प्रकाराला) कॅटेगरी जोडूनही त्या पोस्ट दिसत नाहीत, हा बग नव्हे. कॅटेगरीचं आर्काइव्ह, म्हणजे तिच्या पोस्टच्या यादीचं पान, मुळात फक्त ‘पोस्ट’ हाच प्रकार आणतं. बाकीचे याच हुकवर जोडायचे. आणि टॅक्सॉनॉमी स्वतःची नोंदवलेली असेल, तर ‘इज_कॅटेगरी’ खोटंच येणार, तिथे ‘इज_टॅक्स’ लागतं.