झोपेत थांबते म्हणजे थरथर मनाची?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर थोडक्यात असा: ‘हात थरथरणे, मान वाकडी होणे, अंग आपोआप हलणे ही नसांची कमजोरी. झोपेत थांबते, म्हणजे मनाचाच खेळ. थरथर म्हणजे पार्किन्सन. डोपामिन वाढवा, बरे व्हाल.’ इतक्या कमी जागेत इतक्या चुका बसवणं सोपं नाही.

आधी नसा. हाताची नस निकामी झाली की मुख्यतः ताकद जाते. इथे ताकद असते, आवर नसतो. मेंदूत खोलवर असलेल्या बेसल गँग्लियाचं मोठं काम म्हणजे थॅलॅमसला (हालचालीचे संदेश मेंदूच्या वरच्या थराकडे पोचवणाऱ्या भागाला) दाबून धरणं आणि हवी तेवढीच हालचाल सुटू देणं. त्यातला सबथॅलॅमिक न्यूक्लिअस हा इवलासा भाग पक्षाघातात एका बाजूला निकामी झाला, तर विरुद्ध बाजूचे हातपाय जोरजोरात फेकले जाऊ लागतात. नसा मात्र शाबूत!

झोपेत या हालचाली बहुधा थांबतात आणि ताणात वाढतात, एवढं खरं. पण झोपेत मेंदूची लयच बदलते. त्यावरून रोग मनाचा ठरत नाही. अंग आपोआप हलवणारा हंटिंग्टन हा आनुवंशिक मेंदूरोगच घ्या. त्याचं जनुक 1993 मध्ये सापडलं. त्यात ‘सीएजी’ या डीएनएच्या तीन अक्षरांची पुनरावृत्ती 40 किंवा जास्त असेल, तर पुरेसं आयुष्य मिळालेल्या माणसाला रोग होतोच. मन घट्ट असो वा नसो.

‘नाटक’ हा शिक्का सर्वांत जास्त बसतो डिस्टोनियावर, म्हणजे स्नायू आपोआप आवळून अंग वाकडं होण्याच्या विकारावर. मान एका बाजूला ओढली गेलेला माणूस हनुवटीला नुसतं बोट टेकवतो आणि मान बरीच सरळ होते. बघणाऱ्यांना वाटतं, जमतंय की! खरं तर बोटाचा जोर तिथे कामी येत नाही. त्या स्पर्शाने मेंदूकडे जाणारी संवेदना बदलते. उलट याच खुणेवरून डॉक्टरांना निदानाला मदत होते.

आणि प्रत्येक थरथर पार्किन्सनची नसते. त्यातला कंप सहसा हात मांडीवर निवांत असताना दिसतो. पेला तोंडाशी नेताना हात हलत असेल तर बहुधा ‘इसेन्शियल ट्रेमर’. तो पार्किन्सनहून कितीतरी जास्त आढळतो आणि त्याचा संबंध लहान मेंदूच्या जाळ्याशी आहे.

डोपामिन या मेंदूतल्या निरोप्या रसायनाचं म्हणाल, तर पार्किन्सनमध्ये ते वाढवणारी लेव्होडोपा कामाची, पण काही वर्षांनी त्याच गोळ्यांनी अनेकांचं अंग वळवळू लागतं. हंटिंग्टनमध्ये तर अंगविक्षेप आवरायला टेट्राबेनाझिन देतात, आणि ते डोपामिन घटवतं.