फुलणारी गोळी खरंच क्रूर असते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मूस, म्हणजे उत्तरेकडच्या थंड देशांतलं भलंमोठं हरीण, त्याच्या शिकारीत वापरल्या जाणाऱ्या गोळ्यांवर मी लिहिलं, त्यावर तुम्ही चार आक्षेप घेतलेत. अंगात शिरल्यावर फुलणाऱ्या, म्हणजे टोक पसरून रुंद होणाऱ्या गोळीवर १८९९ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत बंदी आली, म्हणजे ती क्रूरच. सैनिकांच्या पूर्ण आवरणाच्या गोळीने, म्हणजे जिचं शिसं कठीण धातूने झाकलेलं असतं आणि जी फुलत नाही तिने, बारीक भोक पडतं, तेव्हा जनावराला त्रास कमी. आफ्रिकेतला नामांकित हत्ती-शिकारी बेल याने तसल्याच गोळ्यांनी हत्ती मारले. आणि बंदूक दणकट असेल तर जनावर नुसत्या धक्क्यानेच लोळतं, मग गोळी कशी फुलते याची चर्चा हवी कशाला? सूर जरा चढा आहे, पण आक्षेप नेमके आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात १८९०च्या दशकात ब्रिटिशांनी .३०३ गोळीच्या टोकाचं शिसं उघडं ठेवायला सुरुवात केली. वायव्य सरहद्दीवर आधीची गोळी आरपार जाऊनही माणूस चालून येतो, अशी सैन्याची तक्रार होती. हेगच्या जाहीरनाम्याने अशा गोळ्या बंद केल्या त्या युद्धापुरत्या. सैनिक जखमी होऊन लढाईतून बाद झाला की युद्धाचं काम भागतं, त्याहून जास्त इजा कशाला, असा तो विचार होता. त्या सैनिकामागे डॉक्टर आणि इस्पितळ असतं. जखमी मूसमागे कोणी नसतं. ते झाडीत शिरतं आणि तासन्‌तास, कधी दिवसच्या दिवस मरत राहतं. शिकारीत याहून वाईट शेवट नाही. त्यामुळे हेगमध्ये दया म्हणून जे ठरलं, तेच रानात नेलं तर त्याचं क्रौर्य होतं.

आता बारीक भोकाचं. .३० कॅलिबरच्या गोळीचा व्यास सुमारे ७.८ मिलिमीटर. नीट फुलली तर ती साधारण दुप्पट रुंद होते, म्हणजे तिच्या तोंडाचं क्षेत्रफळ चौपट होतं. फुप्फुसं आणि हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्या त्या रुंदीने फाटतात, रक्तदाब कोसळतो, मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की काही सेकंदांत शुद्ध हरपते. न फुललेली गोळी त्याच फुप्फुसातून गेली तर रक्तस्राव सावकाश होतो आणि जनावर तेवढा वेळ धावत राहतं. शिवाय आरपार गेलेली गोळी मागच्या दुसऱ्या जनावराला लागण्याची भीती असतेच.

पण फुलण्याची किंमत मोजावी लागते, आणि माझ्या मते तुमचा आक्षेप इथे यायला हवा होता. गोळी जितकी लवकर फुलते तितकी कमी खोल जाते. अमेरिकेतला जॉन नॉसलर १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला गेला. हातात .३०० एच अँड एच मॅग्नम, म्हणजे भरपूर वेगाची रायफल. समोरच्या नराच्या अंगावर वाळलेल्या चिखलाचा थर होता. गोळ्या वरच्यावरच फुटल्या, आत पोचल्याच नाहीत. त्या काळच्या गोळीत पातळ आवरण आणि आत मऊ शिसं, एवढंच असायचं. वेग जास्त आणि अंतर कमी असलं की तिचे तुकडे व्हायचे. नॉसलरने मग गोळीच्या मधोमध आवरणाच्याच धातूची आडवी भिंत ठेवली. पुढचं शिसं फुलतं, मागचं भिंतीआड शाबूत राहून गोळीला आत रेटतं. ही ‘पार्टिशन’ गोळी १९४८ साली बाजारात आली आणि आजही विकली जाते. मागाहून काहींनी शिसं आवरणाला आतून जोडून टाकलं, तर बार्न्स या गोळ्या बनवणाऱ्या कंपनीने शिसं काढून अख्खी गोळीच तांब्याची केली. सगळ्यांची खटपट एकच: फुलायचं, पण फुटायचं नाही.

बेलचं उदाहरण खरं आहे. त्याने हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यातले पुष्कळ .२७५ रिग्बीसारख्या हलक्या रायफलने आणि न फुलणाऱ्या गोळ्यांनी. पण तो मेंदूवर नेम धरायचा. हत्तीच्या कवटीत पोकळ्यांचं जाड हाड असतं. ते भेदायला गोळी सरळ आणि खोल जावी लागते, आणि मेंदूत पोचल्यावर तिच्या रुंदीने फारसा फरक पडत नाही. मेंदू नेमका कुठे असतो हे पाहायला त्याने हत्तीची कवटी करवतीने उभी कापली होती. छातीवर नेम धरणाऱ्याने त्याच्या गोळीचा दाखला देऊ नये, द्यायचाच तर त्याच्या अभ्यासाचा द्यावा.

धक्क्याचं गणित सोपं आहे. १८० ग्रेनची, म्हणजे ११.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८२० मीटर वेगाने ४०० किलोच्या मूसमध्ये जाऊन थांबली, तर त्याला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम २.४ सेंटिमीटर. तेवढा रेटा दस्त्यातून शिकाऱ्याच्या खांद्यालाही बसतो, आणि तो काही उताणा पडत नाही. जनावर जागच्या जागी कोसळलं, तर बहुधा मेंदूला किंवा मणक्याला मार बसलेला असतो.

फुलणाऱ्या गोळीवर मला विचाराल तर खरा आक्षेप शिशाचा आहे. गोळी फुलताना शिशाचे कण मांसात आणि आतड्यांत उडतात. शिकारी आतडी रानात टाकून जातो, ती गिधाडं आणि गरुड खातात. कॅलिफोर्नियातले काँडोर, म्हणजे तिथली प्रचंड मोठी गिधाडं, या विषबाधेने मेले, म्हणून तिथे १ जुलै २०१९पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद आहेत. तांब्याची गोळी हा त्यावरचा उपाय आहे, पण तांबं शिशाहून कठीण. वेग उतरला की ते नीट उमलत नाही. लांबच्या अंतरावर तीच गोळी तुम्ही म्हणता तसं बारीक भोक पाडून निघून जाते. म्हणून तांबं वापरणाऱ्याने आपल्या गोळीला फुलण्यासाठी किमान किती वेग लागतो हे आधी पाहावं, तो वेग किती अंतरापर्यंत टिकतो ते काढावं, आणि त्यापलीकडे बार टाकू नये, मूस कितीही छान बाजू देऊन उभं असलं तरी.