मोठं चाक, जास्त पिकअप? हिशेब तर करून बघू

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांमध्ये सध्या एक मजकूर फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला, त्यातला एक माझा मेव्हणा. मजकुराचं सार असं: "कंपनी १६ इंची चाकं देते ती पैसे वाचवायला. १८ इंची अलॉय आणि रुंद टायर टाका. मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, म्हणून गाडी जास्त पळते. ईव्हीला टॉर्क इतका असतो की चाकाच्या वजनाचा प्रश्नच येत नाही. रुंद टायर म्हणजे ग्रिप, ग्रिप म्हणजे पिकअप. रेंजला काहीही होत नाही." मेव्हण्याने खाली टायरवाल्याचं कोटेशनही जोडलं होतं. म्हणजे मामला गंभीर.

त्याच्याकडे नेक्सॉन ईव्ही आहे, तीच घेऊन बोलू. टायरवर लिहिलंय २१५/६० आर१६. टायर २१५ मिलिमीटर रुंद, साइडवॉलची (रिम आणि रस्ता यांच्यामधल्या रबराची) उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १६ इंची. रिमचे ४०६ मिमी आणि वरखाली मिळून साइडवॉलचे २५८, म्हणजे पूर्ण चाकाचा व्यास ६६४ मिमी. आख्ख्या वादात महत्त्वाचा आकडा हाच, आणि नेमका तोच त्या मजकुरात कुठे नाही. रिम दोन इंचांनी वाढली म्हणजे चाक दोन इंचांनी वाढलं, असं गृहीत धरलंय. तसं होतंच असं नाही. टेस्लाची मॉडेल ३ बघा: १८ इंची रिमवर २३५/४५, १९ वर २३५/४०, २० वर २३५/३५. तिन्हींचा व्यास काढला तर ६६९, ६७१ आणि ६७३ मिमी येतो. रिम वाढत गेली तसं रबर पातळ होत गेलं, चाक जवळपास तेवढंच राहिलं. आपल्या चाकणला बनणाऱ्या महिंद्रा बीई ६ चंही तेच: २४५/५५ आर१९ आणि २४५/५० आर२० यांच्या व्यासात एखाद्या मिलिमीटरचा फरक आहे. तेव्हा "एका फेरीत जास्त अंतर" हा मुद्दा कंपनीच्या मोठ्या रिमला लागूच पडत नाही.

मेव्हण्याच्या कोटेशनमध्ये मात्र २२५/५५ आर१८ होतं. त्याचा व्यास ७०५ मिमी, मूळ चाकापेक्षा सहा टक्के जास्त. इथे चाक खरंच मोठं होतंय. मग गाडी जास्त पळेल का?

उलट होईल. गिअरच्या सायकलवर कात्रजचा चढ चढलेल्या कोणालाही विचारा. एका पेडलमध्ये जास्त अंतर कापणारा गिअर टाकला की पाय जड होतात. मोटर चाकाला पिळा (म्हणजेच टॉर्क) देते, रस्त्यावर पोचणारा जोर म्हणजे तो पिळा भागिले चाकाची त्रिज्या. त्रिज्या सहा टक्क्यांनी वाढली की जोर सुमारे पावणेसहा टक्क्यांनी घटला. पेट्रोल गाडीत निदान गिअर बदलून थोडं सावरता येतं. इथे गिअर एकच.

आता यातली एक गंमत, जी मोठ्या चाकांच्या विरोधकांनाही सहसा माहीत नसते. हा तोटा सगळ्या वेगांवर सारखा नसतो. इलेक्ट्रिक मोटर एका ठरावीक फेऱ्यांपर्यंत पूर्ण टॉर्क देते, त्यानंतर तिची शक्ती कायम राहते आणि टॉर्क उतरत जातो. नेक्सॉनच्या मोठ्या बॅटरीच्या गाडीत २१५ न्यूटन-मीटर टॉर्क आणि सुमारे १०६ किलोवॅट शक्ती आहे, म्हणजे टॉर्क उतरू लागतो तो सांधा मिनिटाला साधारण ४,७०० फेऱ्यांवर येतो. गिअर रेशो (चाकाच्या एका फेरीमागे मोटरच्या फेऱ्या) ९ ते १० धरला तर रस्त्यावर ताशी ६० किमीच्या आसपास. त्याच्या पुढे जोर ठरतो शक्ती भागिले गाडीचा वेग या हिशेबाने, आणि त्यात चाकाच्या व्यासाला जागाच नाही. थोडक्यात, चाक मोठं केल्याचा फटका बसतो तो सिग्नल सुटल्यावर, जिथे ईव्हीची खरी मजा आहे तिथेच. हायवेवर ८० वरून १०० ला जाताना फारसं कळणारही नाही. शून्य ते शंभरला कंपनी ८.९ सेकंद सांगते, त्यात माझ्या हिशेबाने साधारण पाव सेकंदाची भर पडेल. आभाळ कोसळत नाही, पण गाडी "जास्त पळते" म्हणायला तोंड उरत नाही.

वजनाच्या मुद्द्यावर मात्र दोन्ही बाजू हाताबाहेर जातात. मजकूर म्हणतो वजनाने काहीच होत नाही. त्याला उत्तर देणारे म्हणतात, चाकावरचा एक किलो म्हणजे गाडीवरचे दहा किलो. हे दहा आले कुठून, देव जाणे. फिरणाऱ्या वस्तूला पुढे ढकलायलाही ऊर्जा लागते आणि फिरवायलाही. सगळं वजन टायरच्या अगदी कडेवर आहे असं धरलं, तरी या दोन्ही ऊर्जा समान भरतात, म्हणजे एका किलोचे फार तर दोन. प्रत्यक्षात त्याहून कमीच, कारण रिमचं बरंच वजन आत असतं. प्रत्येक चाक चार किलोंनी जड झालं तर एकूण सोळा, त्याचे फार तर बत्तीस. माणसांसकट दीड टनाच्या आसपास असणाऱ्या गाडीत हे दोन टक्के. मागच्या सीटवर चौथी-पाचवीतलं पोर बसल्यावर पिकअपला जेवढा फरक पडतो, तेवढा. हे मी पिकअपपुरतं म्हणतोय. खड्ड्यातून जाताना जड चाक सस्पेन्शनला जे काही करतं आणि पातळ रबरामुळे रिम जी वाकते, तो वेगळा विषय; पावसाळ्यात मुंबई-गोवा रस्त्यावरून गेलेल्यांना तो समजवायला नको.

ग्रिपचं काय? इथे मजकुरात थोडं तथ्य आहे, पण ते शब्द चुकवून मांडलंय. ग्रिप रुंदीपेक्षा जास्त रबरात असते. हवेचा दाब आणि वरचं वजन तेच असेल तर टायरचा रस्त्याला टेकलेला भाग रुंद टायरमध्ये फार वाढत नाही, तो आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो. त्यापेक्षा रबराचं मिश्रण मऊ की कडक, नक्षी कशी, टायर किती जुना, याने जास्त फरक पडतो. दुसरं म्हणजे, ग्रिप कमी पडत असेल तरच ती वाढवून उपयोग. नेक्सॉनची पुढची चाकं गाडी ओढतात, आणि जोरात निघताना वजन मागे जातं, म्हणजे ज्या चाकांना पकड हवी तीच हलकी होतात. पहिल्या पावसात चौकातून दाबून निघालात की डॅशबोर्डवर ट्रॅक्शन कंट्रोलचा (चाक जागीच घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकतो. त्या क्षणी मोटरकडे जोर आहे, पण रबर तो रस्त्याला देऊ शकत नाही. तिथे ओल्या रस्त्यावर चांगला धरणारा टायर पिकअप नक्की सुधारतो, आणि तो १६ इंचीतही मिळतो. बीई ६ मागच्या चाकांवर चालते, तिला हा त्रास मुळातच कमी. तीन सेकंदांत शंभर गाठणाऱ्या गाड्यांमध्ये तर टायर हाच सगळा खेळ असतो. पण मेव्हण्याने अशी गाडी घेतलेली नाही, घेतली असती तर मला चक्कर मारायला दिली असती.

"मी स्वतः टायमिंग लावून बघितलंय" असंही कोणी सांगतं. कशावर? स्पीडोमीटरवर? तो चाकाच्या फेऱ्या मोजतो आणि जुन्या व्यासाने गुणतो. चाक लहान केलं की काटा शंभरवर लवकर पोचतो, गाडी नाही. मोठं केलं की उलट: काटा खऱ्या वेगापेक्षा मागे पडू लागतो, आणि चलन येतं तेव्हा कळतं. जीपीएसवर मोजलं तरच तुलनेला अर्थ. तिथेही परदेशी आकडे आपल्या आकड्यांशी ताडताना जपून. टेस्ला मॉडेल एस प्लेडचे शून्य ते साठ मैलांचे ते प्रसिद्ध १.९९ सेकंद पहिला फूटभर सरकण्याचा वेळ वगळून मोजलेत.

राहिली रेंज, आणि सगळ्यात मोठी थाप इथेच आहे. युरोपच्या टायर लेबलवर घर्षणाच्या प्रतवाऱ्या असतात. 'ए' म्हणजे गाडीच्या वजनाच्या टनामागे साडेसहा किलोपर्यंत रोध, 'ई' म्हणजे साडेदहाच्या वर. दीड टनाच्या गाडीला हा फरक साधारण सहा किलोचा पडतो. निघताना मोटर सहाशे किलोच्या घरात जोर लावत असते, त्यात हे सहा किलो कुठे दिसणार? पण ताशी ६० ने संथ जाताना हवा आणि रस्ता मिळून गाडीला फक्त तीसेक किलो रोध असतो. त्यातले सहा म्हणजे पाचवा हिस्सा. जो टायर पिकअपमध्ये सापडत नाही, तो बॅटरीत रोज सापडतो. त्यात मोठ्या उघड्या अलॉयमधून घुसळणारी हवा मिळवा. 'कार अँड ड्रायव्हर' या अमेरिकन मासिकाने २०१० मध्ये एकाच फोक्सवॅगन गोल्फला १५ पासून १९ इंचांपर्यंतची चाकं लावून बघितली होती. पिकअप चारेक टक्क्यांनी खालावला, मायलेज दहाएक टक्क्यांनी. ती पेट्रोल गाडी होती.

ईव्हीचा आकडा हवा असेल तर तीच प्लेड घ्या. २०२२ च्या मॉडेलला अमेरिकेच्या सरकारी ईपीए मापात १९ इंची चाकांवर ३९६ मैल मिळाले होते, २१ इंचींवर ३४८. बॅटरी तीच, मोटरी त्याच, चाकं बदलली आणि ७७ किलोमीटर गेले. पुण्याहून निघून खंडाळा गाठायला एवढे पुरतात. मेव्हण्याला मी हे दोनच आकडे पाठवले. त्याचं उत्तर आलं, "पण दिसतात भारी." यावर माझ्याकडे प्रतिवाद नाही.