दृश्य मात्र अप्रतिम

इटलीतल्या खेड्यात जाऊन राहायचं तुमचं ठरलंय, हे फार छान झालं. आता प्रश्न उरला तो ‘कुठं’ एवढाच, आणि त्यासाठी तुम्ही योग्य माणसाकडे आलात. अकरा वर्षांपूर्वी आम्हीही म्युनिकमधला फ्लॅट सोडून मार्के प्रांतातल्या एका डोंगरमाथ्यावर घर घेतलं. त्यामुळे सांगतोय ते सगळं अनुभवाचं आहे.

पहिली गोष्ट, नकाशा बाजूला ठेवा. गाव डोळ्यांनी निवडायचं असतं. ‘दुरून डोंगर साजरे’ म्हणणारे आपले पूर्वज शहाणे होते, पण त्यांच्याकडे ड्रोन नव्हता. रात्री अंथरुणात पडून जो व्हिडिओ तुम्ही चाळीस वेळा पाहिलाय, ज्यात दगडी घर आहे, पायरीवर मांजर झोपलंय आणि खाली धुक्यातून टेकड्या वर आल्यात, तेच तुमचं गाव. त्यात दवाखाना दिसत नाही, वाण्याचं दुकान दिसत नाही, एसटीच्या थांब्यासारखंही काही दिसत नाही. आता जे दिसत नाही ते तिथं नसेलही, अशी शंका ज्यांना येते त्यांनी या भानगडीत पडूच नये.

प्रांत कुठला म्हणाल, तर सगळ्यांना टस्कनीच हवी असते. तिथल्या किआन्तीत इंग्रज इतके जाऊन बसले की त्या भागाला थट्टेनं ‘किआन्तीशायर’ म्हणतात. भावही अर्थात त्यांच्याच पगाराचे. म्हणून दर काही वर्षांनी एक ‘नवी टस्कनी’ सापडते: उंब्रिया झालं, मार्के झालं, पुलिया झालं, हल्ली आब्रुत्सो चाललंय. कोथरूड परवडेना म्हणून बावधन, बावधन परवडेना म्हणून भूगाव, आणि भूगावच्या जाहिरातीतही लिहायचं ‘कोथरूडपासून दहा मिनिटं’, तसलाच प्रकार. पुलियात शंकूच्या छपरांची त्रुल्ली घरं मिळतात, ती ऑलिव्हच्या बागेसकट घ्या. तिथल्या सालेन्तो भागात २०१३ साली झायलेला नावाचा जीवाणू सापडला आणि त्यानं लाखो झाडं वाळवली, पण वाळलेलं ऑलिव्ह फोटोत जास्तच शोभतं. खिसा अगदीच हलका असेल तर मोलिझे. ‘मोलिझे अस्तित्वातच नाही’ असा विनोद इटालियन लोक स्वतःच करतात. नसलेल्या प्रांतात जागा स्वस्त असणारच.

ओस पडत चाललेली गावं पडकी घरं १ युरोला काढतात, तो विषय टाळता येणार नाही, कारण तुमच्या आतेभावानं ती बातमी तुम्हाला तीनदा पाठवलेली आहे. सिसिलीतलं साम्बूका २०१९ साली जगभर गाजलं. मुस्सोमेली, गान्जी, सार्डिनियातलं ओल्लोलाई, यादी लांबतच गेली. घ्याच एखादं. चार आण्यांची कोंबडी नि बारा आण्यांचा मसाला ही आपल्याकडे म्हण आहे, तिथं तो करारनामा आहे. मुस्सोमेलीची अट अशी, की ५,००० युरो अनामत ठेवायची, तीन वर्षांत घर दुरुस्त करायचं, नाही केलंत तर अनामत विसरायची. ‘गवंडी मिळेल का हो?’ असं विचारून मुहूर्त बिघडवू नका. २०२० मध्ये सरकारनं ठरावीक दुरुस्त्यांवर खर्चाच्या ११० टक्के करसवलत जाहीर केली, म्हणजे शंभर घाला आणि एकशे दहा न्या, तेव्हा देशभरातले गवंडी एकदम परांचीवर चढले. आमचाही चढला. उतरल्याचं अजून ऐकलेलं नाही.

व्हिसाची चिंता नको. ‘इलेक्टिव्ह रेसिडन्स’ म्हणून एक प्रकार आहे, त्यात वर्षाला साधारण ३१,००० युरो उत्पन्न लागतं, पण ते काम न करता आलेलं पाहिजे: पेन्शन, भाडं, व्याज. काम करायला बंदी. मुदत ठेवींवर वाढलेल्या आपल्या समाजाला जगात कुठलंही सरकार इतकं समजून घेत नाही.

भूकंपाचा नकाशा मात्र अजिबात उघडायचा नाही. तिथं प्रत्येक गावाला १ ते ४ असा नंबर दिलेला असतो, त्यात १ सगळ्यात धोक्याचा. आणि आपल्याला आवडणारी गावं नेमकी अपेनाइन्स डोंगररांगेच्या कण्यावर बसलेली असतात. २४ ऑगस्ट २०१६ च्या पहाटे अमात्रिचे पडलं. अमात्रिचाना सॉस ज्या गावचा, तेच हे अमात्रिचे. त्याच आठवड्याच्या शेवटी तिथं त्या स्पगेत्तीचा पन्नासावा उत्सव व्हायचा होता. आजूबाजूची गावं धरून २९९ माणसं गेली. यावर काही गमतीचं बोलता येत नाही, म्हणून घर विकणारे हा विषयच काढत नाहीत. मीही काढणार नव्हतो. परदेशी पेन्शनवर सरसकट ७ टक्के कर, ही सवलत आधी दक्षिणेतल्या लहान गावांना होती, मग ती मध्य इटलीतल्या भूकंपग्रस्त गावांनाही मिळाली. तुम्ही ७ हा आकडा तेवढा लक्षात ठेवा.

गाव बघायला मे महिन्यात जा. फक्त मे. उतारावर खसखशीची लाल फुलं, बारबाहेर दोन टेबलं, हवेत गवत कापल्याचा वास. दलाल सांगेल की या दोन फुटी दगडी भिंती उन्हाळ्यात थंड राहतात. ते खरं आहे. हिवाळ्यातही राहतात. जानेवारीत इथं सरपण क्विंटलनं विकत घेतात आणि एवढं जाळूनही गादी ओलसरच लागते. बार पाच महिने बंद. आणि गाडी चढवायचा कच्चा रस्ता, ज्याला मे महिन्यात तुम्ही ‘किती ऑथेंटिक’ म्हणाला होतात, तो खाली शेतात गेलेला. त्यातून गाडी चालवण्याचं वेगळंच. पुण्यात वीस वर्षं चालवली असली, तरी रहिवासी होऊन वर्ष झालं की भारतीय लायसन्स तिथं चालत नाही. पुन्हा शिकाऊ, पुन्हा लेखी परीक्षा, आणि ती इटालियनमधून. तोवर चाला. दृश्य अप्रतिम असल्यानं चालायला कंटाळा येत नाही, निदान उतरताना.

कागदपत्रांना मराठी माणूस घाबरत नाही. सातबाऱ्यावर सतरा नावं आणि त्यातली चार कैलासवासी, यातच आपण लहानाचे मोठे झालो. इटलीत गेल्यावर त्या बाबतीत तरी घरी आल्यासारखं वाटेल. १८७६ ते १९७६ या शंभर वर्षांत सुमारे २ कोटी ६० लाख इटालियन देश सोडून गेले, आणि त्यांतले बरेचसे तुमच्या घराचे सहमालक आहेत. एकाची नातवंडं बुएनोस आयरेसला, एकाची सून बेल्जियममध्ये, एक मेलबर्नला आहे पण भावांशी बोलत नाही. या सगळ्यांच्या सह्या जमवायचं काम ‘जेओमेत्रा’ नावाचा गृहस्थ करतो. तलाठी, सर्व्हेअर आणि कुळाचे उपाध्ये यांचं काम एकटा माणूस करतो असं समजा. त्याच्याशी कधीही भांडू नका. आमच्या वेळी सह्या झाल्या, पेढे (बिस्किटं) वाटून झाले, आणि सहा महिन्यांनी तळघरातली एक खोली कॅनडातल्या एका चुलत भावाच्या नावावर निघाली. खोलीला कुलूप होतं. आत त्याची सायकल आहे. ती तिथंच ठेवण्याचा हक्क त्यानं पत्र पाठवून बजावलाय.

घरासोबत शेतजमीनही घ्या. महाराष्ट्रात शेती घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं, तिथं तसलं काही नाही. तिथं शेजारी शेतकरी असला की झालं. कसणाऱ्या शेजाऱ्याला खरेदीचा पहिला हक्क असतो. त्याला रीतसर कळवायचं, तीस दिवस वाट बघायची. पण त्या बिचाऱ्याला कशाला त्रास द्यायचा? गुपचूप उरका. न कळवता व्यवहार झाला तर नोंदणीपासून एक वर्ष त्याला तीच जमीन त्याच भावानं मागता येते, म्हणजे वर्षभर तुम्ही बांध घाला, ऑलिव्ह छाटा, विहिरीतला गाळ काढा, आणि मग तो सावकाश चालत येईल. तोवर तुमचे संबंध चांगले झालेले असतील.

खेड्यात शांतता असते. सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारपासून ३१ जानेवारीपर्यंत ती नसते, एवढंच. तो शिकारीचा मोसम. पहाटे सहाला बागेत नारिंगी जाकिटं घातलेले आठ जण दिसले तर पोलिसांना फोन करू नका. इटलीच्या दिवाणी संहितेचं ८४२ वं कलम त्यांच्या बाजूनं आहे. जमीन तुमची, रानडुक्कर सरकारचं, आणि त्याच्यामागे जाणाऱ्याला तुमच्या रानात शिरायला मुभा. घरापासून १०० मीटरच्या आत शिकार करायला बंदी आहे, तेव्हा परसातली चाफेकळी सुरक्षित. तिच्यापलीकडे टोमॅटो लावले असतील तर ते तोडायला लाल शर्ट घालून जावं. फारच वाटत असेल तर कुंपण घाला, १.२० मीटर उंच, सबंध जमिनीभोवती. किंवा कायद्यातला दुसरा पर्याय मला जास्त आवडतो: दीड मीटर खोल आणि तीन मीटर रुंद पाणी. म्हणजे खंदक. एवढा खर्च केलाच आहे तर जंजिराच बांधून टाका. मंगळवार आणि शुक्रवार मात्र शिकारीला सुट्टी. कायद्यानंच. त्या दोन दिवशी इथं फक्त पक्षी ऐकू येतात आणि माणूस स्वतःच्या निर्णयावर खूश असतो.

आता माणसं. तुम्हाला खरं तर माणसं नसलेलं गाव हवंय, पण सकाळी आठला कॉफी करून द्यायला एक माणूस, रविवारी घंटा वाजवायला एक, आणि दारात खुर्ची टाकून बसलेली काळ्या पोशाखातली एक आजी एवढी मंडळी त्यात हवीत. अशी गावं ढिगानं आहेत. आजीच्या वयाचा हिशेब तेवढा करू नका. २०२४ मध्ये त्या सबंध देशात ३ लाख ७० हजारच्या आसपास मुलं जन्मली, त्यामुळे खुर्चीवर पुढची आजी बसेलच याची हमी नाही. तोवर भाषा शिकायची गरज नाही. हातवारे करा, हसा, ‘बेल्लो’ म्हणा. लोक फार प्रेमळ. टस्कनीत एक म्हण आहे: दारात पिसाचा माणूस उभा असण्यापेक्षा घरात मढं परवडलं. ही म्हण पिसाच्या शेजारपाजारच्यांची. तासाभरावरच्या पाव्हण्याची ही गत, आणि तुम्ही पिंपळगाव बसवंतहून आलेले.

एक सूचना उंब्रियात जाणाऱ्यांसाठी. वरच्या टायबर खोऱ्यात मोन्तोने नावाचं टेकडीवरचं सुंदर गाव आहे. तिथल्या बारमध्ये तुम्ही ‘आम्ही मराठी’ म्हणालात आणि समोरच्या म्हाताऱ्यानं ‘घाडगे?’ असं विचारलं, तर टेबलाखाली फोन धरून शोधू नका, दिसतं ते. १० जुलै १९४४ ला त्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले आणि ठाणं घेऊन तिथंच पडले. वय बावीस, गाव माणगाव तालुक्यातलं पळसगाव. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोन्तोनेच्या लोकांनी २०२३ मध्ये त्यांच्या नावानं सूर्यघड्याळ बसवलं. तुम्हाला माणगाव मुंबई-गोवा हायवेवरच्या ट्रॅफिकसाठी माहीत असतं.

राहता राहिला प्रश्न, ‘तिथं आपली माणसं आहेत का?’ आहेत. पण त्यांच्या वाटेला जाऊ नका, फोटो बिघडतो. पो नदीच्या खोऱ्यात, क्रेमोना आणि रेज्जो एमिलियाच्या गोठ्यांत, पंजाबी माणसं कित्येक वर्षं गाई सांभाळताहेत. तुमच्या पास्त्यावर जे चीज किसतात त्यातलं बरंच दूध त्यांच्या हातून गेलेलं असतं. नोवेल्लाराचा गुरुद्वारा २००० सालचा. त्यांना गाव निवडायचा सल्ला कुणी देत नाही. पहाटे साडेचारला गाय जिथं असेल ते त्यांचं गाव. रोमच्या दक्षिणेला लातिनाच्या शेतांत राबणाऱ्यांपैकी एकाचा हात जून २०२४ मध्ये यंत्रात तुटला. त्याला दवाखान्यात न्यायच्या ऐवजी घराबाहेर आणून टाकलं, आणि तो गेला. तोही परदेशातून येऊन इटलीतल्या खेड्यात राहिलेलाच माणूस. आणि कलाब्रियातलं रिआचे. १९९८ मध्ये किनाऱ्याला कुर्दी निर्वासितांची बोट लागली, पुढं गावानं ओस पडलेली घरं अशा लोकांना राहायला दिली, बंद शाळा पुन्हा भरू लागली. ज्याच्यासाठी बाकीची गावं १ युरोत घरं फुंकताहेत ते सगळं तिथं झालं. २०१८ मध्ये तिथल्या महापौराला अटक झाली. माणसं हवीत, पण ती तुमच्यासारखी विमानानं आलेली.

आम्ही सध्या पोच्या त्या सपाट खोऱ्यातच राहतो, भाड्यानं. दृश्य म्हणून सांगण्यासारखं काही नाही. समोर पेट्रोल पंप आहे, आणि धुक्याच्या दिवसांत तोही दिसत नाही. पण स्टेशन चालत सात मिनिटांवर, दवाखाना दहा, आणि खालच्या मजल्यावरचे होशियारपूरचे काका शनिवारी घरचं पनीर आणून देतात. अर्थात हे तात्पुरतं आहे.

मार्केतलं घर त्यामुळे सध्या रिकामं आहे, आणि योग्य माणूस मिळाला तर आम्ही ते द्यायला तयार आहोत. दगडी बांधकाम, ऑलिव्हची अठ्ठावीस झाडं, शेजारी शेतकरी अतिशय सज्जन. दृश्य अप्रतिम. मे महिन्यात येऊन बघा. मे जमत नसेल तर ऑक्टोबरात या, पण मंगळवारी किंवा शुक्रवारी. तळघरातली सायकल किमतीत धरलेली नाही.