बोअरची गाडी आणि फडाचा पाटकरी

'गावात एकी नाही म्हणून पाणी नाही.' उन्हाळा लागला की हे वाक्य कुणी ना कुणी टाकतंच. मला ते कधीच पटलेलं नाही. हेच गाव हरिनाम सप्ताहाला घरटी वर्गणी काढतं, पंगती उठवतं आणि पै न् पैचा हिशेब देवळाच्या फळ्यावर लिहितं. मग पाण्याच्या बाबतीतच सगळे एकदम स्वार्थी कसे होतात?

आमच्या भाऊबंदकीत एक सामाईक विहीर आहे. सातबाऱ्यावर हिस्से, आठवड्याच्या पाळ्या. लाइट रात्रीची असली की ज्याची पाळी तो बॅटरी घेऊन बारे धरायला जातो. लाइट मध्येच गेली तर तेवढा वेळ भरून द्यायचा की नाही, यावरून चुलत्यांचे महिनामहिना अबोले झालेत. पण पाळी कुणी मोडली नाही. मोडणार कशी? मोटर सुरू झाली की चारी घरांत आवाज जातो, आणि पाणी किती उतरलं ते कपारीवरच्या ओल्या रेषेवरून शेंबडं पोरही सांगतं.

मग एका चुलत्यानं बांधाला लागून बोअर घेतली. भांडण झालंच नाही, कारण विहिरीचं पाणी त्याच बोअरनं ओढलं हे सिद्ध कोण करणार? पुढच्या हंगामात दुसऱ्यानंही घेतली. त्याला लोभी म्हणणं सोपं आहे. पण तो थांबला असता तर पाणी वाचलं नसतं, पहिल्यानंच उपसलं असतं. माझ्या मते घोडं इथंच पेंड खातं. त्याग करायला माणसं तयार असतात, एकट्यानं मूर्ख ठरायला नसतात.

1968 साली गॅरेट हार्डिन या अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञानं सामाईक कुरणाचा दाखला देऊन मांडलं होतं की सगळ्यांच्या मालकीची चीज शेवटी उजाड होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी देशोदेशीची कुरणं, पाट, मासेमारी अभ्यासून दाखवलं की तसं व्हायलाच पाहिजे असं नाही. 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याला एवढं लांब जायचीही गरज नाही. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसमच्या काठची फड पद्धत कित्येक पिढ्या चालली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या रानाचे तीन-चार मोठे भाग, म्हणजे फड, आणि एका फडात एकच पीक. पाटकरी पाणी सोडणार, जागल्या राखण करणार, दोघांवर हवालदाराची नजर. मोबदला धान्यात. पावसाळ्याआधी पाट साफ करायला सगळ्यांनी यायचं. खरी मेख पुढे आहे: बऱ्याच जणांची जमीन प्रत्येक फडात थोडीथोडी. पाणी कमी पडलं की अख्खा फडच पडीक ठेवायचा, म्हणजे तोटा सगळ्यांना. 'माझंच रान का वाळवता?' हा प्रश्नच उरत नाही.

अर्थात फडात ज्याला जमीन नाही त्याला पाणीही नाही. ती कसर 1972च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखेंनी पुरंदरमध्ये पाणी पंचायत काढून भरली. पाणी माणशी अर्ध्या एकराला, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरापुरतं, उसाला बंदी, आणि भूमिहीनालाही हक्क. दुष्काळातून सावरलेलं हिवरे बाजार म्हटलं की लोक लगेच 'त्यांना सरपंच पोपटराव पवार मिळाले' म्हणून मोकळे होतात. पण तिथंही ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद सगळ्यांसमोर मांडतात आणि शेतीसाठी बोअरला बंदी आहे, हे सोयीनं विसरतात. आणि फडाला कुठला पोपटराव होता?

कायदा नाही असंही नाही. 2009च्या भूजल अधिनियमात शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे. तरी तमिळनाडू पासिंगची गाडी येते आणि रातोरात पाचशे फूट पाडून जाते. तेव्हा तलाठी झोपलेला असतो, शेजारी मात्र जागा असतो. पण शेजाऱ्यानं बोलायचं कशाच्या जोरावर? उद्या त्यालाही हीच गाडी बोलवायचीय.

म्हणून माझं मागणं साधं आहे. सप्ताहाची वर्गणी लिहिता त्याच फळ्यावर प्रत्येक बोअरची खोली आणि त्यावरचं पीक लिहा. आडनावासकट, सरपंचापासून सुरुवात करून. शिव्या पडतील, पहिल्या वर्षी फळाही फुटेल. तुमच्या गावात असं काही कुणी करून बघितलं असेल तर कमेंटमध्ये सांगा. कुणी मोडलं आणि त्याचं पुढे काय केलं, तेही लिहा.